घटनासमितीतील एक अर्धवट राहिलेला वाद

घटनासमितीच्या चर्चा आपल्याकडे दाखल्यासाठी उघडल्या जातात, सलग फारशा वाचल्या जात नाहीत. नागरिकशास्त्र शिकविता शिकविता आम्ही त्या वाचू लागलो आणि ४ जानेवारी १९४९ च्या कामकाजापाशी थबकलो. मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी त्या दिवशी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. एका मतदारसंघातून एकच जण निवडून येणार असेल, तर हरलेल्यांच्या मतांना सभागृहात वाचाच उरत नाही. हे दुखणे एकट्या मुसलमानांचे नव्हते. विखुरलेल्या प्रत्येक विचाराचे होते.

डॉ. आंबेडकरांचे उत्तर नेहमीप्रमाणे रेखीव आहे. मतदाराला निदान आकडे तरी लिहिता यायला हवेत; सभागृहात तुकडे पडले तर सरकार टिकणार नाही; शिवाय अल्पसंख्याकांना राखीव जागा दिल्याच आहेत. स्थिर सरकारचा मुद्दा आम्हालाही पटतो. पण राखीव जागांच्या आधाराचे आयुष्य पाच महिन्यांचेही ठरले नाही. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा समितीने काढून टाकल्या.

त्या काढल्या हे योग्यच झाले, असे आम्ही मानतो. राखीव जागा हे आपल्यावरच उलटणारे हत्यार आहे, हे बेगम एजाज रसूल यांचे म्हणणे खोटे नव्हते. मात्र त्याच चर्चेत झेड. एच. लारी यांनी तिसरी वाट दाखविली होती: राखीव जागा नकोत, पण अनेक जागांचा मतदारसंघ ठेवून मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा द्या. यात पसंतीक्रमाचे आकडे लिहावे लागत नाहीत. आपल्या मुंबई इलाख्याला ही पद्धत परकी नव्हती. १९३७ साली खुद्द डॉ. आंबेडकर मुंबईतून तिच्याच आधारे निवडून आले होते. तेव्हाचा मताधिकार मर्यादित होता, हे खरे. तरी या अनुभवाचे वजन व्हायला हवे होते. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. मुस्लिम सदस्याच्या तोंडून आलेली सूचना निखळ सूचना म्हणून ऐकली जाणे तेव्हा अवघडच होते.

२०२४ साली ५४३ जणांच्या लोकसभेत २४ मुस्लिम निवडून आले. मुसलमानाचा प्रतिनिधी मुसलमानच असावा, असे आम्ही म्हणत नाही. करीमुद्दीनही मतांविषयीच बोलत होते. या दोन्ही चर्चांचे छोटेखानी पुस्तक कोणी मराठीत वा उर्दूत सोप्या टिपांसह काढले, तर दहावीच्या वर्गात ते दोन तासांत वाचून होईल.