चौथ्या मजल्यावर पाणी येत नाही

नाटक पडलं तर दुसऱ्या दिवशी चारचौघे त्यावर लिहितात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते सांगलीतच, त्यामुळे इथे पानवालासुद्धा परीक्षण ऐकवतो. इमारतीचं परीक्षण मात्र कुणी लिहीत नाही. वास्तविक नाटक तीन तासांत सुटतं. भाड्याचा ब्लॉक घेतला की ११ महिने उठून जाता येत नाही. (हा वगळलेला बारावा महिना भाडेकरूला निवडू देत असते, तर सगळा गावभाग ऑगस्टवर बोट ठेवील.)

मी मूळचा सातारकर. आमच्याकडे पाणी कासच्या तलावातून डोंगरउतारानं खाली येतं. सांगलीत ते कृष्णेतून वर येतं. बदली झाली तेव्हा जो तो बजावी, ‘गावभागात राहा, गणपतीचं देऊळ जवळ, पण मजला वरचा बघा.’ जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत जागा मिळाली. इमारतीचं नाव अर्थातच ‘वाडा’. मालक म्हणाले, “काही काळजी करू नका हो. चौथ्या मजल्यावर पाणी येत नाही!”

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. मालकांचं वाक्य शब्दशः खरं ठरलं. विजेचे मीटर पार्किंगमध्ये, पंपाची मोटार पार्किंगमध्ये, टाकी पार्किंगच्या पोटात. तिघांना एकदम जलसमाधी मिळाली आणि चौथ्या मजल्यावर प्यायलाही पाणी येईना. लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची हृदयाची गोळी संपली, तेव्हा त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी अंधाऱ्या जिन्यानं बोटीपर्यंत नेलं. आजोबा सारखे म्हणत होते, “तुम्हाला उगाच त्रास.” त्रास त्यांनी दिलाच नव्हता.

जुन्या वाड्यांचे गोडवे मी गाणार नाही. मातीच्या भिंती पुरात विरघळतात आणि परसातला संडास पावसाळी रात्री फारसा काव्यमय वाटत नाही. पण कमरेएवढं जोतं घालणाऱ्याला नदी शेजारीण आहे हे माहीत होतं. आमच्या बिल्डरनं माणसं वर चढवली आणि त्यांना जगवणारं सगळं तळाशी ठेवलं. याला चूक म्हणवत नाही, हिशेब आहे. वरची जागा चौरस फुटांवर विकली जाते, मीटरच्या खोलीला गिऱ्हाईक नसतं.

बाकी फरशी छान आहे. वाराही येतो.

पूर ओसरल्यावर सोसायटीनं पार्किंगच्या खांबावर निळी रेघ ओढली : ‘पाणी इथपर्यंत.’ मीटर नवे आले, बसले जुन्याच जागी, रेघेच्या तीन हात खाली. मी विचारलं तर वायरमन म्हणाला, “वायर तेवढीच पुरतीया, साहेब.”

२०२१ च्या जुलैत तेही बुडाले. पुढच्या करारात मालकांनी भाडं वाढवलं. का, म्हटलं, तर म्हणाले, “दोन पुरांत टिकलेली इमारत आहे, साहेब!”