साथीदाराचा सामना

खेळ पाहणें ही देखील एक प्रकारची टीकाच होय. कारण कशाकडे लक्ष द्यावयाचें व काय सोडून द्यावयाचें याचा निवाडा पाहणारा कळत-नकळत करीतच असतो. बास्केटबॉलच्या सामन्यांत हा निवाडा बहुधा चेंडूच करून टाकतो. चेंडू जिकडे जाईल तिकडे आपली नजर जाते, आणि ज्याच्या हातीं तो अधिक वेळ राहतो तोच आपल्या लेखीं नायक ठरतो. उरलेले गडी म्हणजे नाटकांतील भालदार-चोपदार!

ही संवय मोडण्याचा प्रयत्न चित्रपटकारांनीं केला नाहीं असें नाहीं. हेल्मुट कोस्टार्ड या जर्मन दिग्दर्शकानें १९७१ मध्यें सामनाभर एकट्या जॉर्ज बेस्टवर कॅमेरे रोखून एक फुटबॉलपट काढला. २००५ च्या एप्रिलांत माद्रिद येथें डग्लस गॉर्डन व फिलीप पारेनो यांनीं झिदानवर सतरा कॅमेरे लावून तोच प्रयोग केला. आणि स्पाइक ली यानें २००८ मधील एका सामन्यांत कोबी ब्रायंटवर तीस कॅमेरे लावून तो बास्केटबॉलांत आणला. नजर चेंडूवरून काढली हें या चौघांचें श्रेय; परंतु ती काढून ठेवली कोठें, तर पुन्हा नायकावरच! ज्याच्याकडे जग पाहतच होतें त्याच्याकडे आणखी बारकाईनें पाहण्यांत नवें तें काय? दुय्यम गड्यावर कॅमेरे लावले असते, तर या पद्धतीची खरी कसोटी लागली असती.

ती कसोटी वाचकांस घरबसल्या घेतां येण्यासारखी आहे. १६ जून १९९६ रोजीं शिकागो बुल्स व सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्स यांच्यांत शिकागो येथें अंतिम मालिकेचा सहावा सामना झाला. त्याची चित्रफीत लावावी, मायकेल जॉर्डनला विसरावें, आणि डेनिस रॉडमन या एकाच गड्यावर नजर खिळवावी. रॉडमनचे रंगविलेले केस साऱ्या जगानें पाहिले. त्याचें काम मात्र फार थोड्यांनीं पाहिलें असावें.

हें काम दुसऱ्याचा नेम चुकतो तेथून सुरू होतें. फेकलेला चेंडू अधांतरीं असतां बाकीचे गडी मान वर करून तो पाहत राहतात. रॉडमन तोंवर जागा धरण्यास निघालेला असतो. कोपऱ्यांतून मारलेली व चुकलेली फेक बहुधा पलीकडच्या बाजूस पडते, आणि लांबून मारलेली फेक लांबवर उसळते. हें शास्त्र त्यानें मुद्दाम अभ्यासिलें होतें. मित्रांना निरनिराळ्या कोनांतून चेंडू फेकावयास लावून तो कसा उसळतो हें आपण पाहत असूं, असें त्यानें २०२० च्या ‘द लास्ट डान्स’ या चित्रमालिकेंत स्वतः सांगितलें आहे. त्याची उंची सहा फूट सात इंच. टोपलीखालीं त्याच्याहून उंच गडी असत. म्हणून चेंडू एकदम पकडतां आला नाहीं, तर बोटांच्या टोकांनीं तो नुसता जिवंत ठेवावयाचा, आणि दुसरा गडी जमिनीवर येतो न येतो तोंच पुन्हा उडी घ्यावयाची, ही त्याची युक्ति.

त्या दिवशीं जॉर्डनच्या एकोणीस फेकींपैकीं पांचच लागल्या. रॉडमननें एकोणीस वेळां चेंडू मिळविला. त्यांतील अकरा वेळां तो स्वपक्षाच्या चुकलेल्या फेकींवर. म्हणजे संघाची जी संधि संपली असें वाटत होतें, ती त्यानें अकरा वेळां परत आणली. सामना शिकागोनें ८७ विरुद्ध ७५ असा जिंकला. मालिकेंतील सर्वश्रेष्ठ गड्याचा मान जॉर्डनला मिळाला, आणि सहाही सामने विचारांत घेतां तो अन्याय नव्हता. परंतु त्या एका रात्रीचा इतिहास केवळ गुणांच्या तक्त्यावरून लिहूं जातां तो खोटा ठरेल.

तथापि या पाहण्याचेंही मोल द्यावें लागतें. एका गड्यावर नजर ठेवली कीं सामन्याचें कथानक निसटतें. गुणसंख्या पाहावयास मुद्दाम थांबावें लागतें. शिवाय प्रक्षेपणाचा कॅमेरा चेंडूचा दास. त्यामुळें आपला गडी वरचेवर चौकटीबाहेर जातो. आणि साथीदाराला नायकाच्या डोक्यावर बसविण्याचा मोहही टाळला पाहिजे. जॉर्डनला रोखावयास प्रतिपक्षाचे दोघे धांवले, तर टोपलीखालीं एकाची जागा मोकळी होते. रॉडमनचें कर्तृत्व अशा मोकळीकीवरही उभें होतें.

आमच्या मैफिलींत गवई दम घेतो तेव्हां तबलजी ठेका सांभाळतो, आणि जाणकार श्रोता त्या क्षणीं तबल्याला दाद देतो. हें जाणतेपण खेळाच्या प्रेक्षकांतही यावें. नायकाचें यश पाहावयास डोळे पुरतात. त्याच्या अपयशाच्या क्षणीं डाव कोणी सांवरला हें पाहावयास मात्र विवेक लागतो, आणि टीकाकाराचें काम नेमकें तेथेंच आहे.