दलित आत्मकथनात न लिहिला गेलेला वर्ग

मराठीत महाविद्यालयीन जीवनाच्या साहित्याचा विषय निघाला की चर्चा 'कोसला'पासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. 1963 साली भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी आली. पुण्याचे वसतिगृह, परीक्षा, मित्रांची टोळकी या साऱ्यांतली निरर्थकता पांडुरंग सांगवीकराच्या तोंडून मराठी वाचकाने ऐकली. कादंबरी मोठी आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो समीक्षेशी. पांडुरंगाचा कंटाळा हा एका अख्ख्या पिढीचा कंटाळा आहे, असे तिने ठरवून टाकले. पांडुरंग बापाचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी सांगवीला परततो. परतायला सांगवी आहे, घर आहे, शेती आहे, रागावणारा का होईना पण पोसणारा बाप आहे. नापास होण्याची ही चैन नेमकी कोणाला परवडत होती, हा प्रश्न आम्हाला 'कोसला' शिकवणाऱ्या एकाही प्राध्यापकाने वर्गात विचारला नाही. आम्हीही विचारला नाही. विचारायला हवे, हेच तेव्हा कळत नव्हते.

'वर्ग' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. एक चार भिंतींचा, बाकांचा आणि फळ्याचा. दुसरा मालमत्तेचा आणि श्रमाचा. महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या दलित विद्यार्थ्यापुढे हे दोन्ही अर्थ एकदमच उभे राहतात आणि त्यांच्या बुडाशी जात असते. कोणत्या बाकावर बसायचे, प्रश्न विचारताना कोणती भाषा वापरायची, सहलीची वर्गणी द्यायची की त्या दिवशी आजारी पडायचे, या गोष्टी त्याला रोज ठरवाव्या लागतात. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला की खानावळ तुटते. वर्ष वाया गेले की पुढचे सगळेच धोक्यात येते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 मध्ये सुरू झाली, मिलिंद महाविद्यालय 1950 मध्ये निघाले. तेव्हापासून आजवर किती पिढ्या या वर्गांतून गेल्या! आणि तरीही हा वर्ग आपल्या साहित्यात कोठे आहे?

हा प्रश्न मी प्रस्थापितांना विचारत नाही, आपल्यालाच विचारतो आहे.

आपली आत्मकथने पुन्हा काढून पाहावीत. 'बलुतं' 1978 चे, 'आठवणींचे पक्षी' 1979 चे, 'उपरा' 1980 चे, 'अक्करमाशी' 1984 चे. गावकूस आहे, भूक आहे, मेलेले ढोर आहे, आई आहे, पालावरचे जगणे आहे. शाळाही आहे, दाराबाहेर बसवणाऱ्या मास्तरांसह आहे. पण लेखक महाविद्यालयाच्या फाटकातून आत गेला की लेखणी एकदम घाईला येते. वसतिगृहाची चार पाने, उपासमारीची दोन पाने, मग निकाल आणि नोकरी. प्रत्यक्ष तास कसा होता? प्राध्यापक काय शिकवत होता? त्यातले काय पटले, काय खुपले, कोणत्या पुस्तकाने झोप उडवली? ग्रंथालयात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कपाटातून पुस्तक काढताना काय वाटले? याविषयी फारच थोडे हाती लागते. प्र. ई. सोनकांबळे यांचे पुस्तक घ्या. 'आठवणींचे पक्षी' ही मिलिंदपर्यंत पोहोचण्याची कहाणी आहे, आणि ती वाट इतकी खडतर आहे की नुसते पोहोचणे हाच तिचा कळस ठरतो. ते समजू शकते. पण पोहोचल्यानंतर वर्गात जे घडले तेही जगणेच होते ना?

'बलुतं'ची रचना या दृष्टीने फार बोलकी आहे. दगडू मारुती पवार बोलतो आणि शिकलेला, पांढरपेशा झालेला दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे हे दोन भाग आहेत, हे दया पवारांनी स्वतःच मांडले आणि मराठी समीक्षेने त्याचे कौतुकही केले. पण यातला बोलणारा भाग कोणता, हे कोणी पाहिले? बोलतो तो दगडू. शिकलेला गप्प आहे. पुढे आलेल्या अनेक आत्मकथनांतही शिकलेल्या माणसाने हीच श्रोत्याची जागा घेतलेली दिसते. त्याच्याजवळ शब्द होते, सवड होती, पगार होता. सांगण्यासारखे आपल्याजवळ काही नाही, असे त्याला का वाटले असावे?

याचा काही दोष आपल्या समीक्षेकडेही जातो. वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांत आपण दलित साहित्य मोजू लागलो. या मापात गावातला मार बसतो, विहिरीवरचा अपमान बसतो. पण तोंडी परीक्षेत आडनाव ऐकल्यावर परीक्षकाच्या चेहऱ्यावरचा बदललेला भाव त्यात बसत नाही. त्याला रक्त नाही, साक्षीदार नाही. त्यात आणखी एक भीती. महाविद्यालयाबद्दल, कचेरीबद्दल लिहिले की 'हा आता दलित ब्राह्मण झाला' असे आपलेच लोक म्हणणार. तेव्हा लेखकाने सुरक्षित जागा निवडली आणि तो पुन्हा गावाकडे वळला. गावचे दुःख खरेच होते, म्हणून कोणाला काही खटकले नाही.

या सर्वांत एक लेखन वेगळे उभे आहे. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' 1981 मध्ये आले. त्यांच्या संस्कृतच्या शिक्षणाची हकीकत त्यात आहे, आणि तेथे वर्ग खरोखर दिसतो. जीव लावून शिकवणारे शाळेतले गुरुजी दिसतात, नागपूरला एम.ए.च्या वर्गात हिने संस्कृत शिकावे हेच न रुचलेले विभागप्रमुख दिसतात. एम.ए. होऊनही नोकरी मिळत नाही. पुढे आंतरजातीय विवाह होतो, आडनाव बदलते आणि नोकरी मिळते. कुमुद सोमकुवर यांना जे मिळाले नाही ते कुमुद पावडे यांना मिळाले, हे त्या स्वतःच कडवटपणे नोंदवतात. ज्ञान तेच, पदवी तीच, बाई तीच. या एका निरीक्षणात विद्यापीठाच्या गुणवत्तेचे जे शवविच्छेदन झाले आहे ते दहा परिसंवादांत होणार नाही. दलित बाई संस्कृत शिकवते म्हणून लोक जे आश्चर्य करतात, तेही त्यांनी सरळ घेतलेले नाही. त्या कौतुकाच्या पोटात अपमान आहे, हे त्यांनी ओळखले.

पण हे लेखन नेमके संस्कृतबद्दलच का झाले? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, हे सर्वांना ठाऊक आहे. संस्कृतच्या दाराशी पहारा उघड होता. म्हणून तेथला अपमान दिसला आणि लिहिलाही गेला. मराठीच्या, इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या वर्गाचे दार उघडेच होते. तेथे कोणी अडवत नव्हते. फक्त इतिहासात आपण नव्हतो आणि मराठीच्या पाठ्यपुस्तकातली भाषा आपल्या घरची नव्हती. असा अपमान पकडायला फार बारीक लेखणी लागते.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला. नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 रोजी. साडेपंधरा वर्षे. वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, लाँग मार्च निघाला. फाटकावरच्या नावासाठी आपण एवढे दिले, आणि ते योग्यच होते. पण फाटकाच्या आतल्या तासाबद्दल आपण किती लिहिले?

दरम्यान दलित साहित्य अभ्यासक्रमात आले. हा विजयच म्हणायचा. मी स्वतः एका मोठ्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयात कैक वर्षे मराठी शिकवली, त्यामुळे पुढचे सांगताना मलाच आरोपीच्या जागी उभे राहावे लागेल. 'अक्करमाशी' शिकवत होतो. शेणातले ज्वारीचे दाणे वेचून त्यांची भाकरी करणाऱ्या संतामायचा प्रसंग मी मोठ्याने, अगदी आवाज भरून वाचला. वर्ग स्तब्ध झाला. मला वाटले, तास रंगला. मग ध्यानात आले की पुढच्या बाकांवरची तीन-चार डोकी मागे वळली आहेत आणि खिडकीजवळच्या एका मुलाकडे पाहत आहेत. तो मुलगा पुस्तकात पाहत होता. पान उलटत नव्हता. त्यानंतर तो या तासाला येईनासा झाला. भेटला तेव्हा म्हणाला, "सर, परीक्षेला हा भाग असेल तर मी घरी वाचतो. वर्गात नको." मी त्याला हजेरी दिली. एवढेच केले.

परीक्षेला तो भाग होताच. दारिद्र्याचे चित्रण सोदाहरण स्पष्ट करा, अशा धाटणीचा प्रश्न. बाजारातल्या गाईडात त्याचे सहा मुद्द्यांचे उत्तर तयार. ज्यांच्या घरी दोन वेळची चूल कधी चुकली नाही त्यांनी ते सहा मुद्दे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि गुण घेतले. त्या मुलाला कमी मिळाले. त्याने मुद्दे पाडले नव्हते.

दलित साहित्य शिकवले जाते म्हणजे वर्ग बदलला असे मानणाऱ्यांनी या मुलाचा विचार करावा. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला हा संशोधक विद्यार्थी 17 जानेवारी 2016 रोजी गेला. त्याआधी शिष्यवृत्ती थांबलेली, निलंबन झालेले, वसतिगृह सुटलेले. विद्यापीठाविषयी जे आपण ग्रंथात लिहायचे राहिलो ते एका पत्राने देशाला वाचायला लावले. त्या पत्राचीही लगेच उद्धरणे झाली, फलक झाले. पण विज्ञानाची ओढ असलेला एक तरुण त्यात बोलतो आहे, याकडे कितीजणांनी लक्ष दिले?

पहिल्या पिढीच्या आत्मकथनकारांपैकी अनेकजण पुढे स्वतः प्राध्यापक झाले, काही विभागप्रमुख झाले. फळ्याच्या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या. त्यांच्याकडून दुसरे पुस्तक यायला हवे होते. ते फारसे आले नाही, आणि आता त्यांच्यातले बरेचजण राहिले नाहीत. नव्या पिढीजवळ तर ती कायम नोकरीही नाही. नेट, सेट, पीएच.डी. सगळे करून घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवायचे, मोटारसायकलवरून दोन-दोन महाविद्यालये करायची, उन्हाळ्यात मानधन बंद. दोन्ही अर्थांचा वर्ग असा त्यांच्या अंगावर येऊन आदळला आहे.

खिडकीजवळचा तो मुलगा आज याच तत्त्वावर मराठी शिकवतो. संतामायचे पान तो वर्गात मोठ्याने वाचत नाही. मुलांना मनात वाचायला सांगतो आणि स्वतः तेवढा वेळ फळ्याकडे तोंड करून उभा राहतो. मध्यंतरी त्याने मला वीस-बावीस पाने लिहून पाठवली. पहिल्या पानावर मजकूर नाही. माझ्या त्या वर्गातल्या बाकांचा नकाशा आहे, आणि कोण कोठे बसत असे, त्यांची आडनावे.