गायकाचा चरित्रपट आणि गायकाचा आवाज : 'बालगंधर्व' (२०११)

गायकावरील चरित्रपट तपासताना पहिला प्रश्न असा विचारावा : पडद्यावर ऐकू येणारा आवाज कोणाचा? फंक आणि सोल संगीताच्या जेम्स ब्राऊनवरील 'गेट ऑन अप' (२०१४) या चित्रपटात चॅडविक बोसमन नाचतो, पण गाणी प्रामुख्याने ब्राऊनच्या मूळ ध्वनिमुद्रणांतून येतात. रवी जाधव दिग्दर्शित 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावे यांच्यासाठी आनंद भाटे गायले. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांच्या तबकड्या आजही ऐकता येतात, तरी हा मार्ग निवडला गेला. भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. तरीही विद्यार्थ्यांनी एखादी मूळ तबकडी ऐकून फरक टिपावा. तो वर्णनाने कळणारा नाही.

शालू, अत्तर, गालिचे आणि वाढते कर्ज यांत चित्रपट रमतो. भावे यांचा स्त्रीवेशातील वावर संयत आहे. 'मानापमान'च्या १९११ मधील पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मूल दगावल्याचा प्रसंग मनाला भिडतो. परंतु भास्करबुवा बखले यांच्या चालींनी 'स्वयंवर' (१९१६) कसे उभे राहिले, एखादे पद गळ्यावर कसे चढले, याला फारसा वेळ नाही. 'गेट ऑन अप'मध्ये तालमीचा एक प्रसंग आहे : प्रत्येक वाद्य म्हणजे ढोलच, असे ब्राऊन वादकांकडून वदवून घेतो. फंक म्हणजे काय, हे अनोळखी प्रेक्षकालाही तिथे उमगते. 'बालगंधर्व' पाहणाऱ्या अमराठी विद्यार्थ्याला नाट्यपद आवडेल. ते ख्यालापासून कुठे वेगळे होते, हे मात्र कळणार नाही.