सूचना म्हणजे कुलूप नव्हे
‘टेस्टच्या फाइल बदलू नकोस’ असे सूचनांमध्ये लिहिले की एआय सहायक आपल्या ताब्यात आला, हा समज तपासून पाहा. सूचना ही विनंती असते. मॉडेल ती बहुतेकदा पाळते, पण पाळेलच असे नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एजंटने बदल न करण्याची सूचना असूनही चालू डेटाबेस पुसला. एडिटरमधली मनाईही अपुरी पडते, कारण टर्मिनलमधून ‘सेड’ कमांड तीच फाइल बदलू शकते. सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेले किमान अधिकाराचे तत्त्व इथे वापरा: एजंटला स्वतंत्र ब्रँच द्या, मुख्य ब्रँच संरक्षित ठेवा आणि टेस्टमधील प्रत्येक बदलाला माणसाची मंजुरी सक्तीची करा. नाहीतर एजंट टेस्टच सैल करेल. ती पास होईल, कोडमधली चूक मात्र तशीच राहील.