खबर आणि बखर : गुप्त अहवाल कसा वाचावा?

‘बखर’ हा शब्द ‘खबर’मधील अक्षरांची उलटापालट होऊन तयार झाला, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. भाषाशास्त्रात ती टिको वा न टिको, पण तिच्यात एक इशारा आहे. खबर जेव्हा कुणाच्या तरी हुकमावरून, कुणाला तरी रुचेल अशी लिहिली जाते, तेव्हा तिची बखर व्हायला वेळ लागत नाही.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड प्रसिद्ध केले आणि मराठी संशोधकाला एक शिस्त लावली : बखरीवर विसंबू नका, अस्सल समकालीन कागद दाखवा. ती शिस्त मोलाची आहे. पण तिचा एक उपसर्ग आपल्याला जडला. कागद सरकारी असला, त्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का असला, की आपण त्याच्यापुढे हात जोडतो. जाहीर भाषणात माणूस खोटे बोलेल, पण गुप्त अहवालात सरकार स्वतःशीच बोलते, तिथे ते कशाला खोटे सांगेल, असा हा समज आहे. गुप्त अहवालही एक वाङ्मयप्रकार आहे, त्याला लेखक आहे, वाचक आहे, संकेत आहेत, आणि त्याची समीक्षा बखरीइतकीच कठोरपणे करायला हवी, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

त्यासाठी दोन उदाहरणे घेतो. एक, १९४३ ते १९४६ या काळातले साताऱ्याचे प्रतिसरकार आणि त्याच्यावर पाळत ठेवणारे ब्रिटिश सरकार. दुसरे, १९५९नंतरचे क्युबाचे क्रांतिकारी सरकार आणि त्याच्यावर पाळत ठेवणारी अमेरिका. अंतर मोठे आहे, पण जोडी विनाकारण नाही. दोन्हीकडे एका बलाढ्य सत्तेला एका चिमुकल्या बंडखोर राज्याच्या मनात काय आहे हे जाणून घ्यायचे होते. क्युबाचा फायदा असा की तिथले अमेरिकी अहवाल खुले झाले आणि दुसऱ्या बाजूने खरे काय होते तेही पुढे उघड झाले. म्हणजे उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची दोन्ही हाती आहेत. १९६२चा अमेरिकी गुप्त अंदाज नांदुऱ्यात बसून वाचता येतो. १९४३चा सातारा जिल्ह्याचा पोलिसी कागद पाहायला मात्र मुंबईची गाडी धरावी लागते. म्हणून आधी क्युबाच्या सहाणेवर नजर घासून घेऊ आणि मग घरी परतू.

एका अंदाजाची गोष्ट

मराठी वाचकाला क्युबा भेटला तो मुख्यतः अरुण साधू यांच्या ‘फिडेल, चे आणि क्रांती’मधून. परतवाड्यात जन्मलेल्या या लेखकाने आपल्याला क्रांतीची बाजू दाखवली. वॉशिंग्टनमध्ये टेबलावर काय लिहिले जात होते, ते कागद खुले व्हायला बराच काळ जावा लागला.

१ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता पळाला. त्याच एप्रिलमध्ये कॅस्ट्रो अमेरिकेत आला आणि उपराष्ट्राध्यक्ष निक्सनला भेटला. निक्सनच्या टिपणाचा सूर असा : हा माणूस साम्यवादाबाबत एक तर कमालीचा भोळा आहे, नाही तर त्याच्या शिस्तीत बांधलेला आहे. तिसरी शक्यता, म्हणजे त्याचे स्वतःचे काही मत आणि मतलब असेल ही, त्या वाक्यात जवळजवळ नाहीच. पुढच्या अनेक कागदांचे बीज इथे आहे. फेब्रुवारी १९६०मध्ये सोव्हिएत नेता मिकोयान हवानात आला, साखरेचा करार झाला, आणि अहवालांतला प्रश्न ‘क्युबाला काय हवे आहे’ असा न राहता ‘मॉस्कोला काय हवे आहे’ असा झाला.

३ जानेवारी १९६१ला अमेरिकेने संबंध तोडले आणि हवानातली वकिली बंद केली. पाहण्याची खिडकी स्वतःच्या हाताने लावून घेतल्यावर पाहण्याची गरज मात्र वाढली. त्या एप्रिलमध्ये सीआयएने तयार केलेले सुमारे १,४०० निर्वासित क्युबन ‘बे ऑफ पिग्ज’ला उतरले. तीन दिवसांत मोहीम आटोपली आणि सुमारे १,२०० जण पकडले गेले. सीआयएच्याच महानिरीक्षकाने, लायमन कर्कपॅट्रिकने, त्याच वर्षी केलेली चौकशी १९९८ साली खुली झाली. तिच्यातला एक मुद्दा भाषेच्या माणसाने विसरू नये असा आहे : या मोहिमेवरच्या अमेरिकी माणसांपैकी फारच थोड्यांना स्पॅनिश येत होते. ज्या जनतेच्या उठावावर भिस्त होती, तिची भाषाच कळत नव्हती.

आता मुख्य कागद. १९ सप्टेंबर १९६२चा क्युबातील लष्करी जमवाजमवीवरचा विशेष राष्ट्रीय अंदाज. शर्मन केंटच्या मंडळाने तो तयार केला. समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर कागद उत्तम आहे. भाषा संयत, बाजू तोलून मांडलेल्या. क्युबात क्षेपणास्त्रे ठेवण्यात सोव्हिएत संघाचा फायदा आहे हेही तो मान्य करतो. पण निष्कर्ष असा की सोव्हिएत संघ तसे करणार नाही, कारण आजवरच्या त्याच्या रीतीशी ते विसंगत ठरेल. या अंदाजावर शिक्कामोर्तब झाले तेव्हा क्षेपणास्त्रांची पहिली खेप बेटावर उतरलेली होती. १४ ऑक्टोबरला यू-२ विमानाने छायाचित्रे घेतली, १६ तारखेला ती केनेडीसमोर आली.

सीआयएचा प्रमुख मॅकोन या मताशी सहमत नव्हता. त्याने गावठी वाटेल असा साधा प्रश्न विचारला : विमानविरोधी क्षेपणास्त्रे इतकी दाट लावली आहेत ती कशाच्या राखणीला? शेताला कुंपण एवढे मजबूत, तर आत पीक कोणते? तो तेव्हा मधुचंद्रासाठी फ्रान्समध्ये होता आणि तिथून तारा पाठवत होता. मंडळाने तारा वाचल्या, अंदाज बदलला नाही. पुढे १९६४ साली केंटने या अंदाजाचे समर्थन लिहिले. त्याचा आशय असा की आम्ही शहाणपणाचे काय ते बरोबर ओळखले, चूक ख्रुश्चेव्हने केली. वास्तव आपल्या निष्कर्षाप्रमाणे वागले नाही तर दोष वास्तवाचा, ही भूमिका आपल्या बखरकारांनाही परकी नव्हती.

‘शक्यता’ म्हणजे किती?

केंटवर अन्याय होऊ नये म्हणून त्याचीच दुसरी गोष्ट सांगतो. १९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असे त्याच्या मंडळाने लिहिले. ‘म्हणजे नेमकी किती?’ असे एका अधिकाऱ्याने विचारले. केंटच्या मनात शंभरात पासष्ट होते. त्याने सहकाऱ्यांना विचारले तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ कुणाला शंभरात वीस वाटत होता, कुणाला ऐंशी. सर्वांनी एकाच वाक्याखाली सह्या केल्या होत्या. गुप्त अहवालाच्या शैलीवरची यापेक्षा मार्मिक टीका माझ्या पाहण्यात नाही. ‘समजते’, ‘संभवते’, ‘खात्रीलायक गोटातून कळते’ ही क्रियापदे माहिती देत नाहीत. ती लिहिणाऱ्याला नंतर सुटायला वाट ठेवतात.

खबऱ्यांची कथा आणखी बोलकी. १९६२ साली फ्लोरिडात ओपा-लोका इथे निर्वासितांकडून माहिती घेण्याचे केंद्र उघडले गेले. क्षेपणास्त्रे पाहिल्याच्या वार्ता त्याआधीपासूनच येत होत्या, ती बेटावर नसतानाही. त्यामुळे खरी आली तेव्हाची खरी वार्ताही त्याच ढिगात पडली. सोव्हिएत सैनिक दहा हजारांच्या आत-बाहेर असतील असे अमेरिकेने धरले होते. ते बेचाळीस हजारांच्या घरात होते, हे तीस वर्षांनी कळले. १९८७ साली क्युबाचा एक गुप्तचर अधिकारी फुटून अमेरिकेकडे गेला आणि म्हणाला, तुमचे क्युबातले जवळजवळ सगळे हेर आमचेच आहेत. २१ सप्टेंबर २००१ला तर ॲना मोंटेस ही अमेरिकी संरक्षण खात्याची क्युबाविषयक विश्लेषक पकडली गेली. ती १९८५पासून क्युबासाठी काम करत होती. म्हणजे सोळा वर्षे क्युबावरच्या अमेरिकी गुप्त अहवालांच्या लेखकांत क्युबाचा माणूस बसलेला होता. उद्या कुणी अभ्यासक हे कागद ‘अस्सल साधने’ म्हणून छापील, तेव्हा त्यातले कोणते वाक्य कोणासाठी लिहिले होते हे तो कसे ठरवणार?

साताऱ्याकडे

आता ही नजर घेऊन साताऱ्याकडे वळू. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या साताऱ्यात आणि सांगलीत, प्रतिसरकार चालले. क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचे नाव घराघरात नेणारे नेते. न्यायदान मंडळे, तुफान सेना, साधी गांधी-लग्ने, सावकार आणि गावगुंडांचा बंदोबस्त. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ सरकारी पगार नेणारी रेल्वे अडवली गेली. १४ एप्रिल १९४४ला खानदेशात चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला गेला. आणि नाना पाटील १९४२पासून १९४६पर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत.

लोक याला ‘पत्री सरकार’ म्हणत. हे नाव पाळतीच्या इतिहासातच जन्मले आहे. खबऱ्याला आणि गुंडाला पायाच्या तळव्यांवर फटके देण्याच्या शिक्षेला ‘पत्री मारणे’ म्हणत. पुढे अफवा पसरली की बैलाला ठोकतात तशी लोखंडी पत्रीच माणसाच्या पायाला ठोकतात. म्हणजे एका क्रांतिकारी सरकारला लोकांनी जे नाव दिले, ते त्याच्या न्यायदानावरून नव्हे तर खबर देणाऱ्याच्या शिक्षेवरून. सत्तेची खरी नाडी कुठे आहे हे गावाला ठाऊक होते. गावाने तोंड मिटले की सरकार आंधळे होते. हवानात वकिली बंद करून अमेरिका आंधळी झाली, साताऱ्यात कचेऱ्या उघड्या असूनही सरकार आंधळे झाले. ही शिक्षा क्रूर होती, धाकाने मिटलेल्या तोंडांत काही निरपराधही असतील, हे नोंदवलेच पाहिजे. पण केवळ धाकाने चार वर्षे एवढ्या मोठ्या मुलखाचे तोंड बंद राहत नाही.

परका हात शोधण्याची सवयही इथे भेटते. फेब्रुवारी १९४३मध्ये, गांधीजींचे उपोषण चालू असताना, भारत सरकारने बेचाळीसच्या उठावाची जबाबदारी काँग्रेसवर टाकणारी पुस्तिका काढली. गृहखात्याचे रिचर्ड टॉटनहॅम तिचे कर्ते. दंगलीमागे वरून आलेली योजना हवी, आणि गांधीजींच्या मनात जपानकडे झुकाव हवा, असे तिचे गृहीतक. १५ जुलै १९४३ला आगाखान महालातून गांधीजींनी तिला सविस्तर उत्तर दिले. ते उत्तर मी पाठ्यचिकित्सेचा नमुना म्हणून वाचतो : आपल्या लेखांतली वाक्ये संदर्भातून कशी तोडली, कुठे काय गाळले, याची ते एकेक करून उलटतपासणी करतात. त्यांच्या आधी १९०८च्या खटल्यात टिळकांनी ‘केसरी’तल्या लेखांच्या सरकारी भाषांतरांवर असाच हल्ला चढवला होता. गुप्त अहवालाची समीक्षा ही मराठी मुलखात नवी गोष्ट नाही. आपण ती विसरलो, एवढेच.

कागदात नसलेला माणूस

विसरल्याने काय बिघडले? १९७२ साली केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. १९८०पासून ती ‘सन्मान’ योजना झाली. पात्रतेचा सर्वसाधारण निकष सहा महिन्यांचा तुरुंगवास. भूमिगतासाठी अट अशी की तो फरारी म्हणून घोषित झालेला हवा, किंवा त्याला पकडण्यासाठी बक्षीस लागलेले हवे, किंवा त्याच्या स्थानबद्धतेचा हुकूम निघून बजावला न गेलेला हवा. कागद उपलब्ध नसेल तर जाणत्या सैनिकाचे प्रमाणपत्र चाले, पण त्या प्रमाणपत्र देणाऱ्याचा स्वतःचा तुरुंगवास सिद्ध हवा.

ही अट पुन्हा वाचा. जो पोलिसांना दिसला, तो सैनिक. जो इतका हुशार होता की खबऱ्याच्या वहीत त्याचे नावच चढले नाही. जी बाई रात्री भाकरी पोहोचवत होती आणि जिच्यावर कुणाला संशय आला नाही. ज्या पोराने निरोप पोहोचवला आणि सकाळी पुन्हा गुरे राखायला गेला. ते कुणीच नाहीत. पाळत चुकवणे हेच ज्यांचे काम होते, त्यांच्या कामाचा पुरावा म्हणून आपण पाळतीची नोंद मागितली. खोटे दावे रोखायला काही निकष लागतो, हे खरे. पण प्रशासनाने सोयीसाठी लावलेला निकष इतिहासलेखनानेही निमूट उचलला. आमच्या वऱ्हाडात १९३०चा जंगल सत्याग्रह झाला, बेचाळीस झाले. चरित्रकोश आणि स्मरणिका उघडल्या तर बहुतेक नोंदींचा गाभा एकच : कलम, तुरुंग, महिने.

म्हणून संशोधकाने गुप्त अहवाल टाकून द्यावा असे नाही. तारीख, ठिकाण, तोडलेल्या तारांची लांबी, बंदोबस्ताचा खर्च यांत अहवाल सहसा विश्वासू असतो, कारण तिथे त्याला काही सिद्ध करायचे नसते. हेतू, सूत्रधार, ‘परका हात’ यांविषयी तो बोलू लागला की त्याला बखरीच्या पंगतीला बसवावे. खबर कोणी दिली आणि त्याला काय मिळणार होते, अहवाल कोण वाचणार होता आणि त्याला काय वाचायची इच्छा होती, हे विचारावे. हेच प्रश्न भूमिगतांच्या आठवणींनाही विचारावेत. आपल्या बाजूची म्हणून बखर सुटत नाही.

आणि शेवटचा प्रश्न कागदाच्या कोऱ्या जागेला विचारावा. १९ सप्टेंबर १९६२च्या अंदाजात क्षेपणास्त्रे नव्हती, बेटावर होती. साताऱ्याच्या दप्तरात जी माणसे नाहीत, ती गावात होती. त्यांची नावे आठवणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांना विचारण्याचे काम कोणताही अभिलेखागार आपल्यासाठी करून ठेवणार नाही.