मेलेला शत्रू आणि उरलेलं रॉकेल

व्हिडिओ गेममध्ये मारलेला शत्रू परत यावा की येऊ नये, हा खेळणाऱ्यांमधला जुना वाद. एक पक्ष म्हणतो, शत्रू पुन्हा पुन्हा उगवत राहिले तर मारण्याला अर्थच उरत नाही. जिंकणं निरर्थक झालं की हरण्याची धास्तीही संपते. दुसरा पक्ष म्हणतो, मारलेला शत्रू कायमचा मेला तर मागचा सगळा रस्ता निर्धोक होतो, आणि निर्धोक रस्त्यावर कसला ताण? दोन्ही म्हणणी खरी आहेत. म्हणूनच या दोहोंच्या मधून वाट काढणारा खेळ बारकाईने पाहण्यासारखा आहे. तो म्हणजे ‘रेझिडेंट ईव्हिल’चा २००२ सालचा नवा अवतार. १९९६ साली प्लेस्टेशनवर आलेल्या मूळ खेळाचे दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनीच कॅपकॉमसाठी तो गेमक्यूबवर नव्याने उभा केला.

गोष्ट साधी आहे. रॅकून सिटीबाहेरच्या डोंगराळ जंगलात एक अवाढव्य वाडा, त्यात अडकलेले पोलिसांच्या विशेष पथकातले क्रिस आणि जिल, आणि वाडाभर फिरणारे झॉम्बी. यांपैकी एकाला घेऊन आपण वाड्यातून बाहेर पडण्याची वाट शोधायची. दारं बंद, किल्ल्या भलतीकडे, त्यामुळे त्याच बोळांतून, त्याच जिन्यांवरून असंख्य येरझारा घालाव्या लागतात. मूळ खेळात गोळ्या खर्चून बोळ मोकळा केला की तो बहुतेक आपला होई आणि वाडा हळूहळू ओळखीचा होत जाई. ती ओळख मोडण्यासाठी मिकामींनी उत्तरार्धात हंटर नावाचे चपळ प्राणी सोडले. बाहेरच्या इमारतीतून आपण वाड्यात परततो आणि मागून कुणीतरी तीच वाट धावत येतं, तेही त्याच्या डोळ्यांनी दाखवलेलं. प्रसंग जबरदस्त आहे, पण तो धक्का एकदाच बसतो. निर्धोक झालेल्या बोळांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

नव्या अवतारात मिकामींनी मुळावरच हात घातला. इथे झॉम्बीला गोळ्या घालून पाडलं तरी तो संपलेला नसतो. त्याचं डोकं उडवलं नाही किंवा प्रेत जाळलं नाही, तर काही काळाने तो पुन्हा उठतो, आणि आधीसारखा रखडत चालणारा नव्हे, तर लालबुंद डोक्याचा, लांब नखांचा, धावत अंगावर येणारा. याला ‘क्रिमझन हेड’ म्हणतात. जरासंधाला नुसतं उभं चिरून भागत नव्हतं. शकलं विरुद्ध दिशांना फेकावी लागली. शत्रूला पाडणं आणि त्याचा शेवट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेही खेळणाऱ्याला शिकावं लागतं.

पण खरी कारागिरी शत्रूच्या परत येण्यात नाही, त्याला रोखण्याच्या किमतीत आहे. प्रेत जाळायला रॉकेल लागतं आणि ते वाड्यात मोजकंच आहे. ते भरून न्यायच्या बाटलीत एका वेळी दोनच प्रेतांपुरतं मावतं. जिलकडे सामान ठेवायला आठ जागा. त्यांतली एक बाटली अडवते, दुसरी लायटर. क्रिसचा लायटर वेगळ्या जागी राहतो, पण त्याच्याकडे मुळात जागाच सहा. उरलेल्या जागांत बंदूक, गोळ्या, औषधी वनस्पती आणि किल्ल्या. म्हणजे जाळण्याची तयारी ठेवायची तर दुसरं काहीतरी मागे ठेवावं लागतं. नेम धरून डोकं उडवायला शॉटगन उत्तम, पण तिच्या गोळ्या पुढे कुठल्यातरी मोठ्या प्राण्यासाठी राखायच्या असतात. प्रत्येक उपायाची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी गरजेतून वळती होते.

त्यामुळे एक विलक्षण उलटापालट घडते. इतर खेळांत मेलेला शत्रू हा सुटलेला प्रश्न असतो. इथे तो डोक्यावरची उधारी होऊन बसतो. ज्या बोळातून दहादा जायचं आहे तिथलं प्रेत जाळायला हवं, हे कळतं. पण रॉकेल दूरच्या खोलीत असतं. ज्या खोलीत पुन्हा यायचं नाही तिथलं तसंच सोडलं तर चालेल, असं वाटतं. पण पुन्हा यावं लागणार नाही, हे पहिल्यांदा खेळताना कळणार कसं? आणि तिसरा पर्यायही आहे: मारूच नये. हळू चालणाऱ्या झॉम्बीला हुलकावणी देऊन निसटावं, कारण उभा झॉम्बी आडव्या झॉम्बीपेक्षा कमी घातकी. ज्या खेळात हातात बंदूक आहे तिथे ती न चालवणं शहाणपणाचं ठरावं, ही मोठी कल्पना आहे.

आता त्या बोळातून पुन्हा जाऊन पाहा. कॅमेरा एका कोपऱ्यात खिळलेला. वळणापलीकडचं दिसत नाही. आपण पाडलेला झॉम्बी तिथे तसाच पडलेला आहे. पहिल्या फेरीत तो उठत नाही, दुसऱ्या फेरीतही नाही. दर वेळी आपण त्याच्या अंगावरून जातो आणि दर वेळी पाऊल किंचित आखडतं. मधल्या काळात शत्रू काहीच करत नाही; आपल्या मनातली शंकाच सगळं काम करते. भरतमुनींनी भय हा स्थायीभाव मानला आणि अवचित दचकवणारा त्रास संचारी भावांत मोजला. कपाटातून उडी मारणारा राक्षस संचारी भाव देतो आणि ओसरतो. न जाळलेलं प्रेत मात्र खेळभर टिकून राहतं, आणि म्हणून इथे भयानक रस खऱ्या अर्थाने सिद्ध होतो.

या रचनेचं मर्म खेळाच्या पूर्वार्धातल्या तळघरात आहे. तिथे साखळ्यांनी टांगलेली एक शवपेटी आहे. पुढचा रस्ता उघडण्यासाठी वाड्यातून चार मुखवटे शोधून आणायचे आणि तिथल्या मूर्तींवर बसवायचे. प्रत्येक मुखवट्यागणिक एकेक साखळी सुटते. चौथा बसला की शवपेटी खाली आदळते आणि आतून क्रिमझन हेड उठतो. आत काय असेल याचा अंदाज पहिल्या साखळीलाच येतो, तरी उरलेले तीन मुखवटे आपणच आपल्या हातांनी आणून बसवतो. बोळातला मुडदा आपल्या दुर्लक्षाने उठतो, हा आपल्या कृतीने. जे परत येतं ते आपल्यामुळे येतं, हे एकच सूत्र दोन्हीकडे आहे.

‘फार क्राय २’ (२००८) मध्ये नेमकं हेच सूत्र हरवलं. आफ्रिकेतल्या एका अनाम देशातली चौकी जिवावर उदार होऊन साफ करावी, थोडं पुढे जाऊन परतावं, तर तिथे पुन्हा तितकेच पहारेकरी. आपल्या लढाईची खूणही नाही. तिथे ताण निर्माण होत नाही, कंटाळा होतो. उलट ‘डार्क सोल्स’ (२०११) मध्ये हिदेताका मियाझाकी यांनी शेकोटी ठेवली: तिच्यापाशी बसलं की औषध भरतं आणि मारलेले बहुतेक शत्रूही परततात. बसायचं की जखमी अवस्थेत पुढे रेटायचं, हे आपण ठरवायचं. ब्लॅक नाइट नावाचे शत्रू मात्र बहुतेक ठिकाणी मेले की परत येत नाहीत, म्हणून त्यांच्यावरचा विजय मनात राहतो.

मिकामींच्या रचनेला मर्यादा आहे, हेही मान्य करायला हवं. वाडा पाठ झाला की कुठलं प्रेत जाळायचं हे आधीच ठरवता येतं आणि भीतीची जागा हिशेब घेतो. पण उत्तम रहस्यकथेचंही असंच असतं. पहिल्या वाचनातला थरार दुसऱ्यांदा मिळत नाही. दुसऱ्यांदा बांधणी दिसते, आणि इथली बांधणी पाहण्याजोगी आहे.

म्हणून शत्रू परत यावेत की नाही, हा प्रश्नच अपुरा आहे. ते कुणामुळे परत येतात, हे विचारायला हवं. केवळ खेळ लांबवायला आलेला शत्रू ताण मारतो. आपण घेतलेल्या किंवा टाळलेल्या निर्णयातून उठलेला शत्रू तो वाढवतो. हा खेळ २०१५ पासून सुधारित चित्रांसह संगणकावरही मिळतो. पहिल्यांदा खेळणार असाल तर कुठलीही मार्गदर्शिका वाचू नका, आणि रॉकेल जपून वापरा.